खालची तार

वडाळ्याच्या माळावर, बाराव्या खांबापाशी
रोज सकाळी जाळी कापलेली.
कात्रीनं कापावी तशी, तिरकी,
आणि नेमकी खालून दुसरी दोरी.

आधी मी माणसांवर संशय घेतला.
पलीकडच्या पिराजीशी चार दिवस बोलले नाही.
पाचव्या दिवशी तोच बांधावर येऊन म्हणाला,
"वैनी, कशात मीठ कमी पडलं का?"

जाळी पांढऱ्या दोऱ्यांची, दर दोरीत
केसासारख्या तीन तारा पिळलेल्या.
टेंभुर्णीच्या पोरानं झटका मशीन बसवलं,
सोलरची पाटी उन्हाकडं तोंड करून.
म्हणाला, लांडगा एकदा नाक लावेल, परत यायचा नाही.
खरं होतं. लांडगा आला नाही.
सासऱ्यांच्या काळी वाघर होती, सुतळीची.
तिच्यात वीज नव्हती, शेजारी कुत्रं होतं.

रात्री मशीन टक् टक् करतं.
शेरडं रवंथ करतात, मी टक् मोजते, झोप लागते.
एका रात्री टक् बारीक झाला.
बॅटरी घेऊन गेले. दवानं ओलं गवत तारेला टेकलेलं,
वीज पाण्यासारखी जमिनीत मुरत होती,
आणि बाराव्या खांबापाशी
ससा.

लगेच पळाला नाही.
दोरी तोंडात धरून बसला,
मीच मधे कडमडले असं बघत.
मग गेला, त्याच भोकातून, पलीकडच्या करडईत.

सकाळी त्याची वाट बघितली.
वीतभर रुंद, गवत दोन्हीकडं निजलेलं,
मधूनमधून हरभऱ्याएवढ्या लेंड्या.
करडईतून निघून थेट ओढ्यापर्यंत सरळ रेघ,
आणि तिच्यावर आडवी माझी जाळी.
हिशेबानं आधी मी कापलं होतं.

तुकडे पिशवीत घालून सोलापूरला गेले,
साखर पेठेत, सत्तय्यामामांकडं.
चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
आता ऐकू कमी येतं, पण गाठ डोळे मिटून मारतात.
"धागा तुटला की माग थांबतो,
माग थांबला की मालक येतो," म्हणाले,
"म्हणून बोटं घाईत शिकली.
पण हिच्यात तार हाय. नुसती गाठ नको.
तारेला तार भिडव, मग दोरी आवळ."
मी निघताना म्हणाले,
"किती मारशील? सशाला दुसरं काम नाय."

मारल्या. सत्तावीस.
गवत दर मंगळवारी काढू लागले.
मशीन दिवसासुद्धा बंद ठेवलं नाही,
मेलेली जाळी दातांना लगेच ओळखू येते.

मग एका पहाटे घोरपड.
सगळ्यात खालच्या तारेला बिलगलेली.
दुसरं कुणी झटका बसला की मागं उडी मारतं,
घोरपड धरते. आणखी घट्ट धरते.
तिला तेवढंच येतं.
प्रत्येक टक्‌ला तिचं एक बोट हलत होतं.
मी मशीन बंद केलं.
बोट थांबलं, पकड सुटली नाही,
आणि मला हात लावायचा धीर होईना.
पिराजीनं काठीनं सोडवली.
काही बोलला नाही, तेही बरं झालं.

त्या दुपारी खालच्या तारेची जोडणी तोडली.
आता ती नुसती दोरी, वीज वीतभर वर.
बाराव्या खांबाखाली सहा इंची पाईपचा तुकडा पुरला,
आरपार, दोन्ही तोंडं उघडी.
टेंभुर्णीच्या पोराचा फोन आला:
"ताई, जाळीखाली दार करतं का कुणी?
अशानं वॉरंटी जाईल."
म्हटलं, जाऊ दे. तिचीही काहीतरी वाट असेल.

तीन दिवस पाईपातून कुणी गेलं नाही.
चौथ्या दिवशी धुळीत मुंगसाचे पंजे.
सशाचं अजून काही कळलं नाही,
पण बारावा खांब शाबूत आहे.

काल चौदाव्यापाशी एक दोरी कापलेली.
तिरकी.
मी तिथंच उकिडवी बसले,
तारेला तार भिडवली, दोरी आवळली,
आणि कात्री घरी राहिली होती म्हणून
उरलेलं टोक दातानं तोडलं.