वार म्हणजे भिंत नव्हे

बोरा वाऱ्यानं आज पुन्हा चौकातल्या स्कूटर आडव्या केल्या.
ओंदिना आली ती भिंती धरत धरत,
एका हातात टोपी, दुसरा पोटावर,
म्हणाली, "झोर्का, आधी आकडा सांग, धीर नंतर दे."

एकोणतीस आठवडे, दोन दिवस.
बाळ सव्विसाचं वाटावं एवढं.
मी जेलची बाटली काखेत धरून कोमट करते,
जुनी सवय. ती तेवढ्यातही घड्याळ बघते.

पडद्यावर नाळेतलं रक्त डोंगर काढत जातं :
ठोका, चढ, उतार,
आणि पुढच्या ठोक्याआधी एक दरी.
दरीत ओल हवी.
कोरडी दिसली की आम्ही फोन उचलतो.
आज कोरडी नाही.
ओलसर म्हणता येईल,
इतपत.

"यात खरखर किती, खरं किती?"
विचारणारच. बारा वर्षं ही
समुद्राकडे पाठ करून फळ्यासमोर बसलीय,
कृष्णविवराचा जमाखर्च मांडत :
आत पडलेलं पुस्तक कायमचं गेलं,
की त्याची अक्षरं विस्कटून, उष्णतेत मिसळून
कधीतरी बाहेर येतात?
"येतात," ती म्हणते. "अलीकडे बऱ्यापैकी खात्री वाटते.
निम्मं विवर विरलं की यायला लागतात.
कशी, ते मात्र विचारू नकोस."

मी विचारलंच.
तिनं जेल पुसायचा कागद ओढला, माझ्याच पेनानं
एक रेघ काढली : चढत गेली, मध्यावर वळली,
उतरत शून्याला टेकली.
मला तर ते पोटच वाटलं,
आडव्या झालेल्या बाईचं.

हे यंत्र काय ऐकतं? रक्त जवळ येतंय की लांब जातंय,
एवढंच. दीर्घिकांनाही हाच नियम, ती म्हणाली,
त्या बहुतेक लांबच जातात.
"आणि इथे?"
इथे बाळाकडून तुझ्याकडे, मी म्हटलं. बघ. आलं. पुन्हा आलं.

मी फार शिकलेली नाही. वरच्या पठारावरची,
घरी स्लोव्हेन, कामावर इटालियन, यंत्राशी इंग्रजी.
पण एक गोष्ट मलाही ठाऊक आहे,
तीही कुठल्याशा प्रयोगशाळेतूनच आलेली :
वार म्हणजे भिंत नव्हे.
पेशी इकडच्या तिकडे जातात, तिकडच्या इकडे येतात.
मूल जन्मतं, किंवा जन्मत नाही,
त्याच्या चार पेशी आईत राहून जातात
वर्षानुवर्षं,
रक्तात, यकृतात, कुणाकुणाच्या मेंदूतही सापडल्यात.
कशासाठी राहतात यावर एकमत नाही.

एवढं तिला सांगितलं.
हे नाही सांगितलं, की माझा मिर्को
चौतिसाव्या आठवड्यात गप्प झाला,
याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.
यंत्र तेव्हाही होतं,
पण रविवार होता.

दोन जिवांची म्हणतात बाईला, ते नऊ महिन्यांपुरतं.
मी एकतीस वर्षं असेन कदाचित,
कुणी मोजलं तर.
इथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलंही होतं,
अभ्यासासाठी रक्त द्याल का म्हणून.
आज सर्दी आहे, म्हटलं.
मोजलं, आणि निघालं शून्य,
तर?

ओंदिनाला फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन दिलं, दुसरं उद्या.
बाळाला नव्हे, फुप्फुसांनाच जरा घाई करा म्हणतोय आम्ही.
ती हसली नाही. गुरुवारची वेळ लिहून घेतली,
दोनदा तपासली, टोपी कानांवर ओढून गेली.

कागद तसाच राहिला टेबलावर.
जेलनं शाई पसरलेली, रेघ कुठली, डाग कुठला,
काही कळेना.
नियमानं पिवळ्या डब्यात टाकायचा.
मी खिडकीपाशी नेला, उजेडात धरला.

खाली कुणीतरी स्कूटर उभ्या करत होतं, एकेक,
वारा पडायच्या आधीच.