चातुर्मासातली गाडी

देव झोपले की आमचा बँडही झोपतो.
भोंगे गोधडीत, ढोल पोटमाळ्यावर,
आणि फुलेनगरच्या गल्लीत पत्र्याखाली
हिराई ब्रास बँडची गाडी,
चार महिने भिंतीकडे तोंड करून.

मागच्या साली तुळशीचं लग्न उरकलं,
पहिली सुपारी नांदूर नाक्याची.
चावी फिरवली. टिक्.
पुन्हा. टिक्.
नवरदेव घोड्यावर खोळंबलेला
आणि आम्ही अकरा जण, खांद्यावर सोनेरी झालर,
गाडीला धक्का मारतोय.
वऱ्हाडातल्या पोरांनी व्हिडिओ काढले.

म्हणून यंदा सोलर.
परीक्षेच्या पॅडएवढी पाटी, दहा वॅटची,
पत्र्याला तारेनं आवळली, तोंड दक्षिणेला.
लाल वायर अधिकला, काळी उण्याला,
टर्मिनलवर बोटभर व्हॅसलीन.
आई म्हणाली, एवढ्याशानं गाडी चालते व्हय?
चालत नाही गं. नुसती जागी राहते.

श्रावणात ऊन म्हणजे उसनवारी.
गंगेला पाणी चढलं,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेशी आलं.
गावाचं मीटर तो. माझं हे, दीडशे रुपयांचं:
संध्याकाळी बारा पॉइंट सहा,
सकाळी बघावं तर पाच, कधी चार.
कोण पितंय रात्री?

द्वारकेचा अस्लमभाई हसला.
डायोड नाही लावला ना?
दिवसा देते ती पाटी, अंधारात उलटी ओढते.
तळहातावर ठेवला त्यानं
एक काळा दाणा, तांदळापेक्षा थोडा मोठा,
एका टोकाला चंदेरी रेघ.
जाणाऱ्याला जाऊ देतो, म्हणाला,
परतीची वाट बंद.
(आमच्या लखनमामाला असा एक बसवायला हवा होता.)

अण्णा क्लॅरोनेटची पत्ती
रोज सकाळी जिभेवर धरायचे, चातुर्मासातसुद्धा.
वाजवायचे नाहीत.
ओली करायची, पुसायची, डबीत.
शेवटच्या वर्षी जिना चढताना दम लागायचा,
तरी पत्ती ओली.
मला वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा.
डबी अजून डॅशबोर्डच्या खणात आहे,
फ्यूज आणि जुन्या पावत्यांमध्ये.

आज पाटीवरची कबुतरांची घाण
बनियननं पुसली.
बारा पॉइंट सात.
गाडी सुरू नाही केली.
हॉर्न तेवढा दाबला, एकदाच,
आणि पलीकडच्या गल्लीतून शेवंताबाई ओरडली:
कुणाची वरात रे मेल्यांनो, पितृपक्षात?