दोन समान तुकडे

कर्लीच्या मुखाशी, देवबागच्या अलीकडे,
होडी नांगरून आम्ही पाणी भरतो,
दर अर्ध्या तासाला एक बाटली.
झाकणावर मी मार्करने वेळ लिहिते.
तातू जाद्ये वल्ह्यावर हनुवटी टेकून
भरती किती चढली ते न बघता सांगतात.

बाटलीत गाळ.
डोळ्यांना नुसतं गढूळ पाणी,
कॅमेऱ्याला पिंजलेल्या कापसाचे पुंजके,
एखादा रव्याच्या कणाएवढा,
एखादा इतका बारीक की त्याला एकटाच म्हणावं.
नदीतून येतात तेव्हा हे कण
एकमेकांना दूर ढकलत येतात.
पाण्याला खारट चव आली
की ते ढकलणं सुटतं,
आणि आदळले की चिकटतात.
सगळेच नाही. प्रत्येक टकरीला एक शक्यता असते,
समीकरणात तिच्यासाठी मी अल्फा ठेवला आहे,
आणि त्याची किंमत, खरं सांगायचं तर,
आलेख जुळेपर्यंत सरकवलेली.

भोवरे त्यांना भेटवतात.
तेच भोवरे जरा जोरात फिरले की फाडतात.
मोठ्याच्या पोटात लहान, लहानाच्या पोटात आणखी लहान,
आणि सगळ्यात धाकटा, जो पाण्याच्या चिकटपणातच विरतो,
तो साधारण ठरवतो
पुंजक्याने किती वाढायचं.
अष्टमीच्या भांगात ते फुगतात, जड होतात, तळाशी बसतात.
अमावास्येच्या उधाणात सुकती लागली की
पुन्हा पीठ.

दोन वर्षं माझं मॉडेल एकाच जागी अडतंय:
ओहोटीच्या ऐन जोरात
गणित म्हणतं, सगळे मध्यम.
बाटली म्हणते, काही मोठे,
आणि बाकी धूळच धूळ.

बुधवारी डबा सोडताना
मी काही विचारत नव्हते, नुसतं बोलत होते,
जवळजवळ स्वतःशीच,
की आम्ही धरून चालतो, पुंजका फुटला
की त्याचे दोन समान तुकडे होतात.
हिशेबाला सोपं पडतं.

तातूंनी सोलकढीच्या बाटलीचं बूच लावलं.
"मधोमध कोण फुटता?
आमची रापण फुटली, बत्तीस माणसांची.
पयलो गेलो दोराच्या टोकाक रवणारो, दिगंबर मेतर, ट्रॉलरवर.
मगे त्याचो मेवणो.
मगे पावस सरल्यार दोघे हॉटेलात.
मधलो गोळो तसोच. बारीक होईत गेलो, इतक्याच."

"आता किती जण आहात?"
ते पाण्याकडे बघत राहिले.
अकराव्या बाटलीची वेळ झाली होती.

रात्री मालवणच्या खोलीत, पंख्याखाली,
मी एक ओळ बदलली:
मधून नव्हे, कडेने झडू दे.
आलेखाची शेपटी उचलली गेली,
धूळ दिसायला लागली.
अजून जुळत नाही.
पण आता चुकतं ते वेगळ्या जागी चुकतं,
आणि दीड वाजता मला तेवढ्यानेही भूक लागली.
संदर्भांच्या यादीत काय लिहू?
जाद्ये, तोंडी, होडीत.

सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती.
नऊ माणसं, आणि फोटोपुरते दोर धरून
लगेच हात झटकणारे पाहुणे,
ज्यांचा अल्फा शून्याच्या आसपास.
तातूंनी लांबूनच हात केला.
दोराच्या टोकाला जागा रिकामी होती.
शुक्रवारी माझी परतीची गाडी आहे,
हे त्यांना माहीत आहे.
मी चपला काढल्या.