काठी निसटली तिथे

तळघरात केमॉय लिबर्डचं यंत्र.
सोळा रबरी चौकोन, कडेला चिकटपट्टी,
एकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.
तो किक ड्रम. अंधारात चाचपून सापडावा म्हणून.

मी वरच्या खोलीत भाड्याने.
पहाटे रक्ततपासणीची पाळी संपवून येतो,
तेव्हा त्याची रात्र नुकती मध्यावर असते.
लीड्समध्ये जानेवारीत उजाडायचीही कुणाला घाई नाही.
'खाली ये,' तो म्हणतो. 'मोज.'

मोजणं मला येतं.
कऱ्हाडला गुरसाळे मास्तरांकडे चार वर्षं तबला,
सम चुकली की मांडीवर फुटपट्टी.
केमॉय सम चुकवतो. मुद्दाम.
स्नेअरचा ठोका केसभर मागे ओढतो,
अंधारात जिना उतरताना
अजून एक पायरी आहे का, म्हणून पाय थबकावा तसा.
'यंत्राला सगळं सरळ करायची खोड असते.
ती मोडायलाच मी बसलोय.'
लय लंगडते. पण पडत नाही.
माझी मांडी मात्र अजून आक्रसते.

तबकड्या तो बाजारातून आणतो, पन्नास पेन्सला एक,
ओलीचा वास, कुणाच्या तरी मांजराचे केस.
गाणी ऐकत नाही. गाण्यांच्या फटी ऐकतो.
गायिकेनं तोंड उघडण्याआधी घेतलेला श्वास.
ट्रम्पेट थांबल्यावर खोलीत उरलेली खोली.
मेथी निवडतात तसं चालतं त्याचं,
फक्त पानं टाकून देतो
आणि देठ ठेवतो.

मग देठावर बेस गिटार, स्वतःच्या हाताने,
चौथी तार तुटल्यापासून जास्त बरी वाजते म्हणतो.
मग ऑर्गनचे दोन स्वर, तेही एक पट्टी खाली बसवून.
हाय-हॅटच्या जागी माझ्या चाव्यांचा जुडगा.
विचारलं नव्हतं त्यानं. मीही भाडं कमी मागितलं नाही.

पण त्या एका तबकडीवर ड्रमरचं नावच नव्हतं.
चौऱ्याहत्तर साल, चर्चच्या हॉलमध्ये मुद्रित.
ट्रम्पेटवाल्याचं नाव, हॉलच्या किल्ल्या देणाऱ्याचं नाव,
चहा करणाऱ्या मिसेस पेम्बर्टनचे आभार.
ड्रमर नाही.
केमॉयनं चॅपलटाउनमधली पाच न्हाव्यांची दुकानं पालथी घातली.
सहाव्यात, वस्तऱ्याखालून कुणीतरी म्हणालं,
'ऑसी क्लॅक्स्टन असणार. बस चालवायचा. आहे अजून.'

रविवारी ऑसी आला, सूट घालून.
तळघराचा जिना उलटा उतरला, शिडी उतरतात तसा,
आणि खुर्चीत बसून टोपी गुडघ्यावर ठेवली.
केमॉयनं लाल ठिपका दाबला.

दोन आवर्तनं. पुन्हा तीच दोन. पुन्हा.
सव्वा सेकंदाचा एक अडखळा, त्यावर सगळं घर उभं.
म्हाताऱ्याचा चेहरा बसथांब्यासारखा, कशाचाही पत्ता लागेना.
मग म्हणाला,
'इथे माझी काठी निसटली होती.'

केमॉय काही बोलला नाही.
'निसटली, ती मी गुडघ्यावर झेलली.
ट्रम्पेटवाला आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.
आणि तू एवढंच घेतलंस?
पुढे मी केवढं सुंदर वाजवलंय!'
'पुढे ट्रम्पेट येतो, मिस्टर क्लॅक्स्टन.'
'हं,' ऑसी म्हणाला. 'तो नेहमीच यायचा.'

पैशांचं बोलणं झालं, ते मी ऐकलं नाही, चहा टाकत होतो.
कप घेऊन परतलो तेव्हा कागदावर नाव लिहिणं चाललं होतं.
'ओ, एस, एस, आय, ई. शेवटी ई. वाय नाही.
तेव्हाही हेच सांगितलं होतं मी त्यांना,'
आणि कप घेताना त्याचा हात कापला,
बशी वाजली किणकिण,

केमॉयची बोटं
रेकॉर्डच्या बटणापर्यंत गेली
आणि तिथेच थांबली.
किती मात्रा, ते मी मोजलं नाही.