रबर रबराला ओळखतं

हिला बेंडच्या पुढे, जिथे वाळवंट
दोन्ही बाजूंनी रस्त्याला खेटून बसतं,
पहाटे साडेचारला आमची कढई तापते.
कढई आपली म्हणायला; ती दुमजली टाकी,
पोटात एकशेनव्वद अंशांचं डांबर,
आणि वरून सोडायचा तो काळा भुगा,
रव्याएवढा बारीक,
ज्यात एक तार सापडली तरी
ओतिलिया एन्सीनास दिवसभर कुणाशी बोलत नाही.

भुगा म्हणजे टायर.
कुणाचे, ते दळल्यावर कळत नाही.
एकदा एक अख्खाच आला, दळायचा राहून गेलेला,
अंगावर खडूने लिहिलेलं:
उजवा, मागचा. उधारी.
तो आम्ही दळला नाही.
त्यावर बसून जेवतो.

डांबरात पडलं म्हणून रबर लगेच विरघळत नाही.
फुगतं. तेल पितं, सावकाश,
पाऊण तास, कधी तास,
आणि ओतिलिया पळी बुडवून बघते,
धार तुटते की लोंबते.
यंत्र आहे तिच्याकडे, आकडा सांगणारं.
ती आधी धार बघते, मग आकडा,
दोघांचं जमलं नाही तर पुन्हा धार.
"कच्चं आहे अजून," म्हणते,
चुलीवरच्या भाजीबद्दल बोलावं तशी.

मग मात्र उसंत नाही.
निवायच्या आत अंथरायचं,
अंगठ्याच्या पेराएवढा थर, जुन्या काँक्रीटवर,
आणि त्यामागून मी.

माझा रोलर लोखंडाचा.
रबरी चाकांचा इथे चालत नाही:
रबर रबराला ओळखतं,
बिलगतं, उठून सोबत निघून जातं,
मागे रस्त्याला टवका.
नवखा एल्फेगो हे ऐकून हसला होता.
मग त्याच्या एका बुटाचा तळ रस्त्याने ठेवून घेतला.
म्हणून शेवटी चुन्याचं पाणी मारायचं,
म्हणजे पहिली गाडी येईल तेव्हा
टायरला कळू नये
खाली कोण आहे.

एकशे अठराव्या मैलापाशी एक चाकांवरचं घर आहे,
चाकं केव्हाच काढून नेलेली
(आमच्याच कढईत आली असतील, काय सांगावं).
तिथल्या वर्लीन बाईंनी सात वर्षं अर्ज केले:
आवाज कमी करा, भिंतीवरची ताटली हलते.
आम्ही केला. मागच्या मे महिन्यात
त्यांच्या दारापर्यंत काम आणलं,
तेव्हा त्या स्वतः आल्या, उन्हात, हातात टोपी,
घालायचं विसरून.

म्हणाल्या, पलीकडे शांत झालंय फार.
माझा रॉस्को रात्री ट्रक घेऊन येतो.
त्याच्या मागच्या धुरीचा सूर मला दोन मैलांवरून कळायचा,
कॉफी ठेवेपर्यंत तो दारात.
आता तो दारात असतो आणि मी झोपेत.
थोडासा तुकडा राहू द्याल का,
होता तसा?

मुकादम हसला नाही, हे त्याचं चांगलं.
नाही म्हणाला.

त्यांच्या वळणापाशी आदल्या दिवशीचं काम संपलेलं,
म्हणजे सांधा.
सांधा मी आडवा चार वेळा दाबतो, सवयच आहे.
त्या दिवशी तीनदा दाबला
आणि पाणी भरायला म्हणून रोलर बाजूला घेतला.

तपासनिसाने दहा फुटी पट्टी ठेवली,
गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटून
पट्टीखालचा उजेड बघितला.
"आहे थोडं," म्हणाला,
"पण मापात बसतं."
ओतिलियाने माझ्याकडे बघितलं,
धार बघते तशी.

रात्री तीन वाजता तिथे
काही वाजतं की नाही, मला माहीत नाही.
त्या वेळी मी झोपलेला असतो.
दीड तासाने कढई तापायची असते.