मापात

वाळूजला, रात्रपाळीत, माझं काम एवढंच: मोजणं.
काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर कडी ठेवायची,
सुईच्या टोकाला माणकाचा थेंब आहे,
तो तिला अलगद टेकतो,
पडद्यावर आकडा उमटतो.
बाहेर मे महिना, त्रेचाळीस.
आत कायम वीस अंश, नाहीतर धातू खोटं बोलतो.
मी स्वेटर घालून बसते. गेटवरची जनाबाई हसते.

ही कडी रॉकेटच्या पोटात नेमकी कुठं बसते
ते आम्हाला कुणी सांगत नाही.
ड्रॉइंगवर एक नंबर, आणि माझ्या सहीसाठी
बोटभर चौकोन.

टायटॅनियम.
हातात घेतलं की वाटतं, चोरी झालीय,
आतलं वजन कुणीतरी आधीच उचलून नेलंय.
लेथवर ख्वाजाभाई. त्याच्याजवळ कोरड्या वाळूची बादली.
याचा कीस पेट घेतो,
आणि पाणी मारलं तर जास्त भडकतो.
एकदा पेटला होता, पांढरा,
सगळ्या शॉपच्या सावल्या भिंतीला चिकटल्या.
ख्वाजाभाईनं वाळू ओतली, टोपी सरळ केली,
म्हणाला, "चहा आला का?"

अकरावी कडी दोन मायक्रॉन बाहेर गेली.
देगलूरकर सर दोनदा येऊन गेले.
"केसाचा पस्तिसावा भाग गं, वैशाली.
वर कोण बघतंय?"
मी सही केली नाही.
कडीला लाल रंग लागला, पिंजऱ्याला कुलूप.
सर आठ दिवस बोलले नाहीत,
आणि नवव्या दिवशी माझ्याकडंच पेन मागितलं.

माय गच्चीवरून पडली.
टाकीत पाणी किती राहिलं ते बघायला चढली होती.
घाटीत वॉर्डात तिसऱ्या दिवशी नंबर लागला.
खुब्यात पट्टी घातली, सहा स्क्रू.
फाइलवर एक छोटं स्टिकर होतं.
लोक औषधांची नावं वाचतात,
मी धातूची जात वाचली.
तीच. आमचीच.
डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कुणी मोजलंय?
त्या दमलेल्या होत्या. म्हणाल्या,
"हाड याला परकं मानत नाही.
काही महिन्यांत त्याच्या अंगाला लागून वाढतं."
मी स्टिकरवरचा लॉट नंबर
तळहातावर लिहून घेतला. कशाला, माहीत नाही.

रॉकेट सुटलं त्या दिवशी
आठव्या दिवसाचा नळ आला.
मोबाइल खिडकीत उभा, त्यात उलटी मोजणी,
मी पाइप धरून, ड्रम, घागरी, कुकर, पिंप,
शेजारच्या रझियाआपाची बादली.
"गेलं का?" माय आतून ओरडली.
मी बघितलं तर पडद्यावर नुसता धूर,
आणि टाळ्या वाजवणारी माणसं, इस्त्रीच्या शर्टातली.
"गेलं."
"तुझं कडं?"
"कडी, माय. गेली असंल."
"असंल म्हंजे?"
त्याच्यावर मला बोलता आलं नाही.
चाळीस सह्या केल्यात मी. कुठली वर गेली,
कुठली गोदामात आहे, कोण सांगणार.
पाइप सुटला, पाय भिजले.

आता माय वॉकर घेऊन दारापर्यंत येते.
पाऊस दाटला की म्हणते,
"तुमचं लोखंड दुखायलंय."
लोखंड नाही गं, असं मी म्हणायचं सोडलंय.
काल लसूण सोलता सोलता,
वर न बघता,
"मी गेल्यावर हे जळंल का?"
नाही, मी म्हणाले. चितेच्या आगीत वितळत नाही ते.
"गंजंल?"
नाही.
"मग पैठणला गंगंत टाकू नको.
राखेतून वेचून घे, धू,
आन् ने तुझ्या त्या थंड खोलीत."
लसणाचं साल तिच्या बोटाला चिकटलं होतं,
ते झटकत म्हणाली,
"बघ मोजून.
माझ्यात इतके दिस राहून
मापात हाय का अजून."