दुसऱ्या मजल्याचा फ्यूज

पहिलं भांडं पडलं तेव्हा अकरा वाजून वीस झाले होते.
पडलेलं भांडं आणि फेकलेलं भांडं
यांचा आवाज वेगळा असतो,
फोंड्यात एकटा राहायला लागल्यावर कळलं मला.
पडलेलं घरंगळतं, गिरकी घेतं, हळूहळू गप्प होतं.
फेकलेलं एकदाच बोलतं.

मग उल्हास लोटलीकरचा आवाज. मग खुर्ची.
मग सुलक्षा काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही,
ती हळूच बोलते नेहमी, ओरडतानासुद्धा.

तळमजल्यावर आन्तोनेतबायनं खिडकी ओढून घेतली.
समोर बोरकर सरांनी टीव्ही मोठा केला.
मी फोन उचलला
आणि एकशे बारातला पहिला एक दाबून
थांबलो.

कारण श्रावणातही केला होता.
पाऊण तासानं जीप आली. दोन शिपाई, एकाला खोकला.
दारात नवराबायको एकमेकांना चिकटून उभी,
लग्नाच्या फोटोत असतात तशी.
"कांयच ना हो, मिक्सर पडला."
जाताना शिपायानं जिन्यातच विचारलं, खणखणीत,
फोन केलेले गृहस्थ कुठले?
त्या चवथीला सुलक्षानं नेवऱ्या पाठवल्या नाहीत.
बाकी काही नाही. फक्त नेवऱ्या.
आणि जिन्यात भेटलो की ती भिंतीकडे सरकते,
मी कठड्याकडे.

वर जाऊन बेल मारावी?
अडुसष्ट वय, गुडघ्यात पाणी,
आणि उल्हास म्हणजे बार्जवर दोरखंड ओढलेला माणूस.
"आमच्या घरातलं आहे, काका," म्हणेल,
दार लावेल,
आणि दाराआड तेच पुन्हा सुरू होईल
माझ्या निमित्तानं.

एकतीस वर्षं वीज खात्यात काढली.
मला एकच गोष्ट येते.
फोन खिशात टाकला, अनवाणी खाली उतरलो,
मीटरपेटी उघडली, दोनशे तीनचा फ्यूज ओढला.
हाताला आठवत होतं अजून: अंगठा वर, मनगट सैल.

वर अंधार.
आवाज थांबला.
जमलं, म्हटलं.
दहापर्यंत मोजलं आणि मग पोटात खड्डा पडला:
अंधारात तो आहे, अंधारात ती आहे,
आणि आता मला ऐकूही येत नाही काही.
भांडी निदान सांगत होती
कोण कुठे उभं आहे ते.

जिन्यात टॉर्च हलली. रुद्रेश. आठ वर्षांचा, बनियनवर,
बाबाचा मोबाइल दोन्ही हातांत धरून.
"आजोबा, तुमचीय लायट गेली?"
"होय रे."
त्यानं बाहेर पाहिलं. माझ्या बाल्कनीतला उजेड
सरळ पपईच्या झाडावर पडला होता.
मग माझ्या मुठीकडे पाहिलं.
चिनीमातीचा फ्यूज, पांढरा,
दुधाच्या दातासारखा.
काही बोलला नाही. टॉर्च बंद केली,
शेवटच्या पायरीवर बसला.
"लगेच नका लावू," म्हणाला.

मी उरलेला एक दाबला. दोन दाबला.
पत्ता सांगितला. बाईनं नाव विचारलं.
नावापाशी माझी जीभ
श्रावणातल्यासारखीच जड झाली,
शेजारी पोरगं अंगठ्यानं पायरीचं सिमेंट खरवडत होतं.
सांगितलं. दोनदा सांगावं लागलं,
पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात आन्तोनेतबायचं दार उघडलं.
तिच्या घरात लायट होती, लख्ख.
तरी हातात पेटती मेणबत्ती,
वाऱ्याला तळवा आडवा धरलेला.
आम्हां दोघांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं,
विचारलं काही नाही.
कठडा धरत, प्रत्येक पायरीवर श्वास घेत
वर चढू लागली.
मीही उठलो, गुडघा धरून, तिच्या मागे.

आम्ही अजून वळणावरच होतो
आणि तिनं तिथूनच हाक मारली,
दुपारी अंगणात मारते तशी:
"सुलक्षा! उगड गो दार.
मेणवात हाडल्या."